वाचकांचे प्रश्न : ऊटा हागेन पडद्यावर का सापडत नाहीत?

प्रश्न : मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. आमच्या अभिनयाच्या वर्गात ऊटा हागेन यांच्या ‘रिस्पेक्ट फॉर अ‍ॅक्टिंग’ या पुस्तकातील, भूमिका उभी करताना नटाने स्वतःला विचारायचे नऊ प्रश्न आम्हांला जवळजवळ पाठ करायला लावतात. पण या बाई स्वतः अभिनेत्री म्हणून केवढ्या होत्या, हे कोणी सांगत नाही. मी त्यांचे चित्रपट शोधले, तर उतारवयातल्या मोजक्या दुय्यम भूमिका तेवढ्या हाती लागल्या. ज्यांना रंगमंचावर फारसे जमले नाही त्यांनी शिकवायला घ्यावे, असा तर हा प्रकार नाही ना? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका प्रामाणिक आहे, पण नेमकी उलटी आहे. हागेन यांची कारकीर्द चित्रपटांत शोधणे म्हणजे विहीर सोडून भलतीकडेच पोहरा टाकण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ज्या अभिनेत्रींच्या नावावर नाटक उभे राहत असे, त्यांत त्यांची गणना होते. तरीही त्या पडद्यावर का सापडत नाहीत, हे समजून घ्यायचे असेल, तर तीन भूमिका शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली भूमिका टेनेसी विल्यम्स यांच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मधील ब्लांश. हे नाटक डिसेंबर 1947 मध्ये रंगमंचावर आले, तेव्हा ही भूमिका जेसिका टँडी यांची होती. हागेन यांनी ती नाटकाच्या दौऱ्यावरील दुसऱ्या संचात केली आणि न्यूयॉर्कच्या मूळ प्रयोगातही टँडी यांच्या जागी त्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे ‘बदली कलाकार’ म्हटले की प्रेक्षक आधीच थोडा हिरमुसतो; येथे मात्र बदलीमुळे नाटकाचा तोलच बदलला. एलिया कझान यांनी बसवलेल्या मूळ प्रयोगात मार्लन ब्रँडो यांचा स्टॅन्ली, म्हणजे ब्लांशच्या बहिणीचा नवरा, प्रेक्षकांना आपल्या बाजूला ओढून घेई. हॅरल्ड क्लर्मन यांनी बसवलेल्या दुसऱ्या संचात हागेन यांच्यासमोर स्टॅन्ली म्हणून अँथनी क्वीन होते, आणि तेथे प्रेक्षकांची सहानुभूती ब्लांशकडे झुकली, असे त्या काळच्या जाणकारांनी नोंदवले आहे. संहिता तीच, शब्द तेच, आणि तरीही ‘हे नाटक कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर वेगळे. अभिनेत्रीच्या ताकदीचा याहून मोठा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

दुसरी भूमिका क्लिफर्ड ओडेट्स यांच्या ‘द कंट्री गर्ल’मधील जॉर्जी. हे नाटक नोव्हेंबर 1950 मध्ये लायसियम थिएटरात सुरू झाले. दारूच्या आहारी गेलेल्या एका उतरणीच्या नटाची ही पत्नी आहे. नवरा तिच्याविषयी खोटेनाटे सांगत राहतो आणि दिग्दर्शकाला तीच सगळ्या अडचणींचे मूळ वाटू लागते. नाटक पुढे सरकते तसे कोण कोणाला सांभाळत होते ते उघड होते, म्हणजे नटीला आधी संशय अंगावर घ्यावा लागतो आणि मग स्वतःचे समर्थन न करता तो उतरवावा लागतो. या भूमिकेसाठी हागेन यांना 1951 चा टोनी, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचा (ब्रॉडवेचा) मानाचा पुरस्कार, मिळाला. तिसरी भूमिका एडवर्ड अल्बी यांच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’मधील मार्था; ऑक्टोबर 1962 मध्ये बिली रोझ थिएटरात अ‍ॅलन श्नायडर यांच्या दिग्दर्शनाखाली ही भूमिका सर्वप्रथम साकारली ती हागेन यांनीच, आणि तिच्यासाठी दुसरा टोनी मिळाला.

आता गंमत पाहा. या तिन्ही नाटकांचे चित्रपट झाले. पडद्यावरची ब्लांश व्हिव्हियन ली, जॉर्जी ग्रेस केली आणि मार्था एलिझाबेथ टेलर. आणि तिघींनाही त्याच भूमिकांसाठी ऑस्कर मिळाले. ज्या तीन भूमिकांनी हागेन यांना रंगभूमीवर मोठे केले, त्याच तीन भूमिका जगाने दुसऱ्या तिघींच्या चेहऱ्यांनी लक्षात ठेवल्या. त्यातल्या एकाही अभिनेत्रीचे श्रेय मला कमी करायचे नाही. परंतु आपण शोध घेतलात तेव्हा आपल्याला हागेन का भेटल्या नाहीत, याचे उत्तर येथे आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने नाट्यप्रयोगांचे पद्धतशीर चित्रीकरण करून जतन करायला सुरुवात केली ती 1970 मध्ये, तोवर हे सारे प्रयोग होऊन गेलेले होते.

आणि यशाचेच बोलायचे, तर सुरुवातीकडेही पाहावे. जर्मनीतील गॉटिंगन येथे 1919 साली जन्मलेली, लहानपणीच विस्कॉन्सिनमधील मॅडिसन या गावी आलेली ही मुलगी, कलेतिहासाच्या प्राध्यापकाची कन्या, अठराव्या वर्षी चेखव्हच्या ‘सीगल’मध्ये आल्फ्रेड लंट आणि लिन फाँटॅन या त्या काळच्या सर्वांत वजनदार नटदांपत्याबरोबर नीनाची भूमिका करत होती. चोविसाव्या वर्षी ती, कृष्णवर्णीय अभिनेते पॉल रोबसन नायक असलेल्या शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त, नायिका डेस्डेमोना झाली. मार्गारेट वेबस्टर यांनी बसवलेल्या या नाटकाचे ऑक्टोबर 1943 पासून 296 प्रयोग झाले. आपल्याकडे हजार-दोन हजार प्रयोगांच्या जाहिराती वाचणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण शेक्सपिअरच्या नाटकाचा ब्रॉडवेवरील तो आजही विक्रम आहे, आणि तो एकाच नाट्यगृहात, आठवड्याला आठ प्रयोग या रगाड्यात झालेला आहे.

प्रश्न : रोबसन यांच्याबरोबर काम केल्यामुळे हागेन यांना काळ्या यादीत टाकले गेले, असे वाचले. मग 1951 मध्ये त्यांना टोनी कसा मिळाला? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : यातली विसंगती वरवरची आहे आणि तिचे कारण कलेत नसून पैशाच्या वाटेत आहे. ब्रॉडवेवर श्वेतवर्णीय सहकलाकारांबरोबर ऑथेल्लो करणारे रोबसन हे पहिले कृष्णवर्णीय अभिनेते होते, आणि पुढच्या दौऱ्यात या मंडळींनी प्रेक्षकांना वर्णावरून वेगळे बसवणाऱ्या नाट्यगृहांत प्रयोग करण्यास नकार दिला होता. रोबसन यांच्या डाव्या राजकीय मतांमुळे त्यांच्या सहवासातील माणसेही संशयाखाली आली. जून 1950 मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका निघाली. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीतील कम्युनिस्ट प्रभाव दाखवण्याच्या नावाखाली तिच्यात 151 जणांची नावे छापली होती. त्यांत हागेन यांचे नाव होते आणि त्यांचे पूर्वीचे पती, ‘ऑथेल्लो’तील इयागो, होझे फेरर यांचेही होते.

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम साबण आणि सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशांवर चालत, आणि त्या कंपन्यांना गिऱ्हाइकाच्या नाराजीचे एक पत्रही भारी वाटे. चित्रपट कंपन्यांनाही देशभरच्या चित्रपटगृहांची आणि बहिष्काराची धास्ती होती. नाटकाला मात्र प्रायोजक नव्हता; तिकीटबारीवर जो येईल त्याच्यावर ते चाले, आणि न्यूयॉर्कचा नाट्यप्रेक्षक अशा याद्यांना सहसा भीक घालत नसे. म्हणूनच जूनमध्ये यादीत नाव, नोव्हेंबरमध्ये ‘द कंट्री गर्ल’ आणि पुढल्या वर्षी टोनी असा क्रम घडू शकला. पडद्याची दारे मात्र ऐन उमेदीच्या वर्षांत बंद राहिली. चित्रपटांच्या मोहापासून या यादीने आपल्याला वाचवले, असे हागेन पुढे म्हणत. त्यात थोडा अभिमान आणि थोडी स्वतःची समजूतही असावी, असे मला वाटते.

प्रश्न : ‘व्हर्जिनिया वुल्फ’च्या दुपारच्या प्रयोगांत म्हणे वेगळीच नटमंडळी असत. हे खरे आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : खरे आहे. नाटक तीन तासांहून मोठे, आणि मार्था जवळजवळ सगळा वेळ रंगमंचावर, ओरडत, हसत, पीत आणि शेवटी कोसळत. एका दिवसात ते दोनदा पेलणे अशक्यप्राय असल्याने दुपारच्या प्रयोगांसाठी वेगळा संच उभा केला होता आणि त्यात मार्थाची भूमिका केट रीड करत. संध्याकाळी हागेन यांच्यासमोर मार्थाचा नवरा जॉर्ज म्हणून आर्थर हिल असत. एकूण 664 प्रयोग झाले.

प्रश्न : कोल्हापूरच्या ज्या विद्यार्थ्याने आपल्याला पत्र पाठवले त्याचा मी वर्गमित्र. नऊ प्रश्न पाठ असूनही भूमिका उभी राहत नाही. आमचे चुकते कुठे?

उत्तर : पाठ करण्यातच. ‘मी कोण? किती वाजले आहेत? मी कुठे आहे? माझ्याभोवती काय आहे?’ येथून सुरू होणारी ही प्रश्नमालिका ‘मला काय हवे? माझ्या आड काय येते? ते मिळवण्यासाठी मी काय करतो?’ येथे पोहोचते, आणि अखेरच्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहायचे नसून कृतीने द्यायचे असते. या पद्धतीमागे बाईंचा स्वतःचा अनुभव आहे. लवकर यश मिळाल्याने त्यांच्या अंगात हमखास टाळी घेणाऱ्या युक्त्या मुरल्या होत्या. 1947 मध्ये क्लर्मन यांच्या हाताखाली काम करताना क्लर्मन यांनी त्या युक्त्या काढून घेतल्या, असे हागेन यांनी स्वतःच लिहिले आहे. आवाज कसा लावायचा, हात कुठे ठेवायचा हे आधी ठरवून न येता, समोरच्या माणसाकडून काय हवे आहे ते शोधत तालमीला येणे, हा त्यातला फरक.

त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट बर्गहॉफ यांच्या एचबी स्टुडिओ या अभिनयशाळेत शिकवू लागल्या. पुढे 1957 मध्ये दोघांनी विवाह केला. म्हणजे ‘जमले नाही म्हणून शिकवले’ ही शंका तारखांनीच खोटी ठरते : ब्लांश, जॉर्जी आणि मार्था या तिन्ही भूमिका शिकवत असतानाच्या आहेत. त्यांच्या वर्गातला व्यायाम अगदी साधा असे. स्वतःच्या आयुष्यातली दोन मिनिटे, म्हणजे बाहेर पडण्याच्या घाईत हरवलेली किल्ली शोधणे यांसारखी, घरून आणलेल्या खऱ्या वस्तूंसह जशीच्या तशी वर्गात उभी करायची. शोधण्याचा अभिनय करायचा नाही, शोधायचे. आपण दोघा वर्गमित्रांनी आठवडाभर एवढेच करून पाहावे. आणि 1973 च्या त्या पहिल्या पुस्तकावर थांबू नये. त्यातील मांडणीचा वर्गावर्गांतून होणारा वापर पाहून बाई स्वतःच अस्वस्थ झाल्या आणि 1991 मध्ये त्यांनी ‘अ चॅलेंज फॉर द अ‍ॅक्टर’ लिहिले. (मधल्या काळात त्यांनी पाककृतींचेही एक पुस्तक लिहिले, पण ते अभ्यासक्रमात नसावे.)

राहता राहिले त्यांना अनुभवणे. ‘ऑथेल्लो’ आणि ‘व्हर्जिनिया वुल्फ’ या दोन्ही नाटकांची मूळ कलावंतांसह ध्वनिमुद्रणे कोलंबिया कंपनीने काढली होती. दुसरे तर चार तबकड्यांचे, संपूर्ण नाटकाचे आहे. आधी टेलर यांचा चित्रपट पाहावा, मग दिवा मालवून ते ध्वनिमुद्रण ऐकावे, आणि मार्था कोणत्या वाक्यावर हसते व कोणत्या वाक्यावर हसायचे टाळते, एवढेच टिपून ठेवावे.