चिनी 'काउटाउ' इंग्रजीत टोमणा कसा झाला?

तुम्ही विचारलंय की चीनमध्ये जो आदर, तोच 'काउटाउ' इंग्रजी बातम्यांत लाचारी म्हणून का येतो. थोडक्यात सांगायचं तर व्यापाराच्या एका फसलेल्या बोलणीमुळे.

काउटाउ म्हणजे नुसतं कमरेत वाकणं नव्हे. गुडघे टेकायचे, हात जमिनीवर, आणि कपाळ फरशीला लागलंच पाहिजे. छिंग घराण्याच्या (चीनचं शेवटचं राजघराणं) दरबारात हे तीनदा, दर खेपेला तीनदा कपाळ, म्हणजे एकूण नऊ. बादशहाही सुटत नसे. पेइचिंगच्या स्वर्गमंदिरात तो स्वतः हेच करी. घरोघरी मुलं नववर्षाला आजीआजोबांपुढे डोकं टेकत. आपल्याकडे थोरामोठ्यांच्या पाया पडण्यात जसा कुणाला कमीपणा वाटत नाही, तसंच ते.

१७९३ मध्ये लॉर्ड मॅकार्टनी ब्रिटनसाठी व्यापारी सवलती मागायला छ्येनलुंग बादशहाकडे गेला. त्याचं म्हणणं, माझ्या दर्जाचा चिनी अधिकारी आमच्या राजाच्या तसबिरीपुढे असंच करणार असेल तर मीही करतो. ते कोण कबूल करणार? शेवटी तो एका गुडघ्यावर बसला आणि रिकाम्या हाती परतला. १८१६ मध्ये ब्रिटनचा पुढचा दूत लॉर्ड अ‍ॅम्हर्स्टने साफ नकार दिला, तर त्याला बादशहाची भेटही मिळाली नाही. मग इंग्लंडात हा शब्द अपमानाशी जोडला गेला आणि 'काउटाउ करणं' म्हणजे पाय चाटणं, असा अर्थ रुळला.

पण सगळं खापर नमस्कारावर फोडणं मला पटत नाही. १७९५ मध्ये डच राजदूतांनी निमूटपणे कपाळं टेकली. त्यातल्या व्हान ब्राम नावाच्या जाड्या गृहस्थाची टोपी पडली आणि म्हातारा बादशहा हसला. पण पदरात काय पडलं? व्यापाराचं काहीच नाही. तरी १८४१ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स भाषणात म्हणाले की ब्रिटन आणि चीनमध्ये चाललेल्या अफूच्या युद्धाचं खरं कारण काउटाउ, अफू नव्हे! चीनमध्ये पेट्या भरभरून अफू विकणाऱ्या इंग्रजांना यापेक्षा सोयीचा वकील कुठून मिळणार?

दरबारातला काउटाउ १९१२ मध्ये बादशाहीबरोबर संपला. अंत्यविधीत आणि पितरांपुढे मात्र अजून दिसतो. परदेशी कंपनी चीन सरकारपुढे नमली की इंग्रजी मथळ्यात नेमका हाच शब्द येतो, आणि तो मुद्दाम चिमटा काढण्यासाठीच असतो.