१२५ सीसीच्या बाईकवरून ठाण्याहून सावंतवाडीला जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कळव्यात राहता, १२५ सीसीची पाच वर्षं वापरलेली गाडी आहे, ती घर आणि ऑफिस सोडून कुठे गेलेली नाही. दिवाळीनंतर बायकोला मागे बसवून सावंतवाडीला जायचंय आणि मित्र म्हणतायत, आधी ३५० घे, मग कोकणाचं बघ.

जाता येईल. ३५० नंतर हौस म्हणून घ्या हवं तर, सावंतवाडीसाठी गरज नाही.

मी ऐरोलीत राहतो. माझी २०१३ ची १२५, चार गिअरची, कार्बोरेटरवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली ‘ती का, ही का नाही’ सुरू होतं. तिच्यावर सावंतवाडीच्या खेपा मोजायच्या मी केव्हाच सोडल्या. एकटाही गेलोय, डबल सीटही गेलोय.

अशा प्रश्नाखाली कुणीतरी भारद्वाज दयाला यांचं उदाहरण देतंच. विशाखापट्टणमचा हा माणूस २००६ मध्ये २२३ सीसीच्या करिझ्मावर निघाला आणि जगाला फेरी मारून आला. उदाहरण चांगलंच आहे, पण आपल्या कामाचं नाही. त्यांनी त्याला दीड वर्ष दिलं होतं, तुमच्याकडे रजा चार दिवसांची असणार. छोट्या गाडीला अंतराचं वावडं नसतं, घाईचं असतं.

१२५ च्या गाडीत दहा-साडेदहा हॉर्सपॉवर असते. सपाट रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाला त्यातली बरीच शिल्लक राहते आणि गाडी गुणगुणत चालते. हवा कापायला लागणारी ताकद मात्र वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ६० चे ८० केलेत की सव्वादोन पटीहून जास्त. ८० ला गाडी जाते, नाही असं नाही, पण मग शिल्लक काही उरत नाही. समोरून वारा आला, चढ आला, ट्रकला ओलांडायची वेळ आली की मूठ आधीच पूर्ण पिळलेली असते. शिवाय ॲव्हरेज पडतो आणि हाताला मुंग्या येतात ते वेगळंच.

ओलांडायचा हिशोब एकदा मांडून बघा. ट्रक ५५ ने चाललाय, तुम्ही ६५ ने. फरक १० चा, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. ट्रकची लांबी आणि पुढची-मागची मोकळी जागा धरून ४० मीटर कापायचे तर १४-१५ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही पाव किलोमीटर पुढे गेलेले असता, आणि समोरून येणाराही तेवढाच तुमच्याकडे आलेला असतो. म्हणजे दुपदरी रस्त्यावर अर्धा किलोमीटर मोकळा दिसला तरच बाहेर पडायचं. ३५० वाला हेच काम निम्म्या वेळात उरकतो. खरा फरक काय तो इथे आहे, बाकीचा बराचसा आवाजाचा. त्यामुळे माझा नियम असा की चारपदरी असेल तिथे ओलांडायचं, दुपदरी असेल तिथे ट्रकच्या मागे अंतर ठेवून निवांत बसायचं. वडखळ येईपर्यंत जिवाची घालमेल होते, मग सवय होते.

आता निघायचं कसं. मुंब्रा बायपास-शिळफाट्याच्या वाटेला जाऊ नका, पहाटेसुद्धा तिथे कंटेनरची रांग असते. कळव्याहून सरळ ठाणे-बेलापूर रस्ता धरा, दिघा, ऐरोली, घणसोली, तुर्भे, आणि पुढे सायन-पनवेल हायवे. साडेचारला निघालात तर पनवेलला उजाडायच्या आत पोचता. कळंबोलीला मात्र डोळे उघडे ठेवा. एक्स्प्रेसवेला दुचाकी चालत नाही आणि गर्दीबरोबर वाहत गेलं की चुकीच्या लेनमधून वर चढायला होतं. पनवेल गावाचे फलक बघत राहायचं, मग पळस्पे फाटा, तिथून मुंबई-गोवा. मोबाईलच्या नकाशात दुचाकीचा पर्याय आधीच निवडून ठेवा. गाडीचा पर्याय राहिला तर तो नकाशा तुम्हाला बिनदिक्कत एक्स्प्रेसवेवर, अटल सेतूवर किंवा समृद्धीवर घालेल, आणि तिन्हीकडे आपल्याला बंदी आहे. (राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नसतो, तेवढीच भरपाई.)

ठाणे ते सावंतवाडी पाचशे किलोमीटरच्या आसपास धरा. एका दिवसात मी केलंय, एकट्याने, आणि पोचल्यावर मामीने दिलेला चहा पिताना कप हातात थरथरत होता. डबल सीट असाल तर दोन दिवस करा आणि चिपळूणला मुक्काम टाका. साधारण अर्धं अंतर होतं, राहायची सोय होते, आणि दुसऱ्या दिवशी हातखंबा ते राजापूर हा सड्यावरचा पट्टा दुपारच्या वाऱ्याआधी निघून जातो. तिथे उघड्या माळावर आडवा वारा असतो आणि ११५ किलोची गाडी त्याला दाद देते. घाबरू नका, हँडल घट्ट आवळू नका, गाडी आपोआप सरळ होते.

पेट्रोलची काळजी सर्वात कमी करा. मला ६० च्या वेगाने, दोघं बसून, ५२ ते ५५ चा ॲव्हरेज मिळतो. टाकी दहा लिटरची असते. म्हणजे कळव्याला फुल केलीत की सावंतवाडी जवळजवळ एका टाकीत, फक्त रिझर्व्हला लागायची वाट न बघता कणकवलीच्या आसपास थोडं टाकून घ्या.

सामानाबद्दल सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. सगळं ओझं मागच्या कॅरिअरवर, बायकोच्या पाठीमागे बांधतात. वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि घाटाच्या वळणावर हँडल हवेत असल्यासारखं वाटतं. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगमध्ये, जमेल तितक्या खाली आणि पुढे. मागच्या चाकाची हवा डबल सीटची वेगळी असते, चेन कव्हरवर नाहीतर मागच्या फोर्कवर स्टिकर असतो, तो वाचून गाडी थंड असताना भरा. चेन किती सैल आहे तेही दोघं बसल्यावर एकदा बघा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात परत येताना आम्ही आंबोलीवरून कोल्हापूरमार्गे आलो. मागे बायको, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा, आणि निघता निघता मामाने कॅरिअरवर फणस बांधला. मी वर एवढं लिहिलंय ते त्या फणसावरून शिकून. दाणोली सोडून घाट लागला तेव्हा गाडी तिसऱ्यात होती. दोन वळणांनंतर इंजिनचा आवाज बसला, घसा बसतो तसा. मूठ पिळली तरी वेग वाढेना, खालून नुसती धडधड. तेव्हाच दुसरा टाकायला हवा होता, मी मात्र ‘ओढेल, ओढेल’ करत राहिलो आणि एका चढाच्या वळणावर गाडी जवळजवळ बंदच पडत आली. दुसरा टाकल्यावर आवाज मोकळा झाला आणि ताशी ३० ने ती टर्रर्र करत चढू लागली, तक्रार नाही. मागून एसटी आली, हॉर्न दिला. मी जरा रुंद जागा बघून कडेला थांबलो आणि तिला जाऊ दिलं. बायको म्हणाली, “उतरून चालू का?” थट्टेत म्हणाली, पण त्यानंतर फणस आमच्याबरोबर प्रवासाला आलेला नाही.

चढाला जो गिअर लागला तोच उतरताना ठेवायचा. छोट्या गाड्यांना निदान मागे तरी ड्रम ब्रेक असतात. सारखा पाय दाबून ठेवला की ड्रम तापतो, आतले ब्रेक शू जळका वास मारतात आणि पेडल दाबलं तरी गाडी म्हणावी तशी थांबत नाही. इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक थांबून थांबून मारा. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे काका आमच्या सोसायटीत आहेत. त्यांचं ऐकू नका.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका, आठवडाभर आधी करा. कारण सर्व्हिसिंगमध्येच काहीतरी सैल राहतं, आणि ते कळायला शंभरेक किलोमीटर रोजच्या रस्त्यावर जायला लागतात. ऑइल नवीन हवंच. या इंजिनात ते जेमतेम लिटरभर असतं आणि वंगण आणि थंडावा दोन्ही बरंचसं त्याच्यावर, म्हणून मुक्कामाला पोचलात की दुसऱ्या दिवशी सकाळी काडी काढून बघा. प्लग, ब्रेक शू, एअर फिल्टर बघून घ्या आणि क्लचची केबल हाताने चाचपून बघा.

केबलचं मी चाचपलं नव्हतं. म्हणजे चाचपलं होतं, लिव्हरपाशी एक तार सुटून बोटाला टोचतही होती, पण ‘आल्यावर बदलू’ म्हटलं. रत्नागिरीतल्या पालीच्या पुढे चढावर ती तुटली. पावसाळा संपून आठच दिवस झालेले, रस्त्याच्या कडेला चिखल आणि मी एकटा. गाडी छोटी असल्याचा खरा फायदा तेव्हा कळला. न्यूट्रलमध्ये चालू केली, दोन्ही हातांनी ढकलत धावलो, वेग आला तसा वर बसून पहिला टाकला. एक धक्का बसला, गाडी निघाली. वरचे गिअर क्लचशिवाय पडतात: मूठ क्षणभर सोडायची आणि त्याच वेळी पायाने गिअर टाकायचा. तसा लांज्यापर्यंत न थांबता गेलो. वाटेत एक म्हशींचा कळप आडवा आला तेव्हा देवाचं नाव घेतलं, आणि म्हशी खरंच बाजूला झाल्या. लांज्याच्या मेकॅनिककडे भिंतीवर खिळ्याला केबली टांगलेल्या होत्या, त्यातली एक काढून त्याने वीस मिनिटांत बसवून दिली. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. ती ढकलत चढावर धावता आलं असतं का, हा विचार मी आजही अधूनमधून करतो. आता मी नवीन केबल जुन्या केबलीच्या शेजारूनच ओढून, टेपने बांधून ठेवतो. तुटली तर फक्त दोन टोकं अडकवायची.

बूड दुखणार. हे कुणी सांगत नाही. कम्युटर गाडीची सीट अर्ध्या तासाच्या प्रवासासाठी केलेली असते. दर सव्वा तासाला, साठ-सत्तर किलोमीटरवर थांबा, दुखायला लागल्यावर नको, आधीच थांबा. पाच मिनिटं चाला, पाणी प्या. मागे बसणाऱ्याचे हाल तुमच्यापेक्षा जास्त होतात, कारण तिला धरायला हँडल नसतं आणि पुढे काय येतंय ते दिसत नाही. खड्डा आला तर ओरडून सांगत जा. आमच्याकडे खांद्यावर दोनदा थाप म्हणजे ‘थांब’ असं ठरलंय, आणि त्याला कारण विचारायचं नाही असंही ठरलंय.

अंधार पडला की गाडी लावायची, यावर मी तडजोड करत नाही. माझ्यासारख्या जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नाही तर थेट इंजिनवर चालतो, म्हणजे वेग कमी केला की उजेडही कमी. नेमका वळणावर, जिथे हवा असतो तिथेच. तुमची नवी आहे, उजेड बरा असेल. पण या महामार्गावर कामं सुरू असलेल्या जागी वळवलेला रस्ता, अर्धवट दुभाजक आणि बसलेली गुरं रात्री सारखीच काळी दिसतात.

घाई नसेल तर परतताना सागरी रस्त्याने या. जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, बाणकोटच्या खाडीवर वेश्वी-बागमांडला, मग दिघी-आगरदांडा, अशा चार फेरीबोटी लागतात. गाडी बोटीत चढवायची, स्टँड लावायचा आणि खाडीकडे बघत उभं राहायचं. रस्ते अरुंद, चढ-उताराचे, ४० च्या वेगाचे आहेत, म्हणजे आपल्याच गाडीच्या मापाचे. फक्त एक दिवस जास्त धरा.

निघायच्या आधी एक रविवार काढा. सगळं सामान, अगदी जसंच्या तसं बांधा, बायकोला मागे बसवा आणि कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाट चढून परत या. दिवसभरात दोनशेच्या वर किलोमीटर होतात आणि घाटही येतो. बॅग कुठे सरकते, कुठल्या चढाला कुठला गिअर लागतो, कुणाचं काय दुखतं, सगळं तिथे कळेल. तुमच्या सौ. परत येऊन पुन्हा चला म्हणाल्या तर सावंतवाडीचं पक्कं करा. नाही म्हणाल्या तर दिव्याहून रेल्वे आहे, त्यांना तिने पाठवा आणि तुम्ही गाडी घेऊन या.