वर्षभराचा ब्यूटी बॉक्स घेण्याआधी कार्डाचं बिल उघडा

प्रश्न: मी नाशिकला राहते, वय ४१. खासगी शाळेत शिकवते, हातात ३४,००० रुपये येतात. आजवर काजळ-टिकलीच्या पुढे कधी गेले नव्हते. चार महिन्यांपूर्वी दरमहा ६९९ रुपयांचा ब्यूटी बॉक्स, म्हणजे मेकअपच्या छोट्या नमुन्यांची घरपोच पेटी, सुरू केला आणि डोळ्यांना रंग लावायची गोडी लागली. मोरपंखी, वांगी, अबोली असे रंग लावून बघते, फार छान वाटतं. आतापर्यंत वीस वस्तू आल्या, त्यातल्या सहा मी नियमित वापरते. काही आवडलेल्या वस्तू मोठ्या आकारात घेतल्या, त्याचे ३,१५० रुपये झाले. आता कंपनी ६,९९९ रुपयांत वर्षाचे बारा बॉक्स आणि वर अठरा रंगांचं आयशॅडो पॅलेट देते आहे. ते पॅलेट सुटं घेतलं तर १,४९९ ला आहे. ऑफर तीनच दिवस आहे. बचत खात्यात ५२,००० आहेत, ३,००० ची एसआयपी चालू आहे. क्रेडिट कार्डावर ११,४०० थकलेत, दर महिन्याला किमान रक्कम म्हणून ६०० भरते. मिस्टर म्हणतात, या वयात हे कशाला, पैसे पाण्यात चाललेत. वार्षिक प्लॅन घेऊ का?

उत्तर:

ताई, वार्षिक प्लॅन घेऊ नका. पण रंग लावणं सोडायचं काहीच कारण नाही. रंगांसाठी दरमहा पैसे बाजूला काढा असंच मी सांगणार आहे, आणि ती रक्कम अगदीच चिमूटभर नसेल. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात ते तुमच्याच आकड्यांवरून बघू.

आधी ऑफरची बाजू नीट मांडते, कारण ती दिसते तितकी वाईट नाही. महिन्याच्या दराने बारा बॉक्सचे ८,३८८ रुपये होतात. वार्षिक प्लॅनमध्ये त्यातले १,३८९ वाचतात. दहा बॉक्स सुटे घेतले तर ६,९९० होतात, म्हणजे निव्वळ बॉक्सचा विचार केला तर वार्षिक प्लॅन अकराव्या बॉक्सपासून फायद्याचा. ते पॅलेट तुम्ही नाहीतरी विकत घेणारच होतात असं धरलं, तर फायदा आठव्या बॉक्सपासूनच सुरू होतो. तेव्हा आणखी आठ महिने दर महिन्याला पाच नव्या वस्तू हव्याशा वाटतील याची खात्री असेल, तर कागदावर ही ऑफर स्वस्त आहे.

ती खात्री तुमच्या पत्रात मला दिसली नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय, विसातल्या सहा वापरता. याच हिशेबाने वर्षाच्या साठ वस्तूंपैकी अठरा वापरात येतील आणि बेचाळीस कपाटात राहतील. आता त्या अठरांचा विचार करा. पापणीवर लावायची पावडर आयशॅडो संपता संपत नाही. पॅलेटमधल्या एका रंगाच्या चकतीत साधारण एक-दीड ग्रॅम पावडर असते आणि एका वेळेला ब्रशवर येते ती नखाच्या टोकाएवढी. आठवड्यातून दोनदा लावणाऱ्या बाईला एक चकती वर्षभर सहज पुरते. तुमच्याकडे आवडीचे रंग आधीच आहेत. त्यात अठरा रंगांचं आणखी एक पॅलेट आणि वर दर महिन्याला नवं काही आलं, तर आधीचे रंग मागेच पडणार.

चार बॉक्सचे तुम्ही २,७९६ रुपये दिलेत. वापरातल्या सहा वस्तूंवर ते वाटले तर एकेक वस्तू ४६६ रुपयांना पडली. चांगल्या देशी कंपनीचं छोटं पॅलेट किंवा रंगीत काजळ पेन्सिल दुकानात साधारण याच्या आसपास किंवा थोडी कमीला मिळते. तेव्हा मिस्टर म्हणतात तसे पैसे पाण्यात गेलेले नाहीत. आणि बॉक्सवर छापलेली ‘दोन हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू’ ही ओळही खरी धरू नका. छोट्या नमुन्याची किंमत बहुधा मोठ्या आकाराच्या एमआरपीवरून काढलेली असते, आणि त्या एमआरपीला ऑनलाइन क्वचितच कुणी खरेदी करतं.

मग या बॉक्समध्ये तुम्ही नेमकं विकत काय घेतलंत? वापरून बघण्याची संधी. या धंद्याचा पायाच तो आहे. २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘बर्चबॉक्स’ने महिना दहा डॉलरला नमुन्यांची पेटी घरपोच द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे विनीता सिंग आणि कौशिक मुखर्जी यांनी २०१२ मध्ये ‘फॅब बॅग’ आणली, आणि २०१५ मध्ये त्याच दोघांनी ‘शुगर कॉस्मेटिक्स’ काढली. बायकांना काय आवडतं, कुठला रंग त्या परत मागतात, हे नमुन्यांच्या पेटीतून फार चांगलं कळतं. नोंदणी करताना त्वचेचा रंग, आवडीनिवडी विचारतात त्याचंही मोल असतं. हे सांगण्यात तक्रार नाही. या व्यवहारात दोन्हीकडचे शिकतात, एवढंच तुम्हाला ठाऊक असावं.

आयशॅडोच्या बाबतीत तर वापरून बघायला खरंच किंमत आहे. मोबाइलवर दिसणारा रंग आपल्या गव्हाळ-सावळ्या पापणीवर तसाच उमटत नाही. फिकट गुलाबी, फिकट जांभळा असे रंग बऱ्याचदा राखेसारखे दिसतात. तोच वांगी किंवा मोरपंखी मात्र खुलून येतो, खाली प्रायमर (रंग धरून ठेवणारा लेप) किंवा थोडं कन्सीलर (डाग झाकणारं क्रीम) असेल तर अधिकच. मॅट शेड नीट पसरवता येते का, चमकीची शेड गालावर सांडते का, हे लावल्याशिवाय कळत नाही. चार महिन्यांत तुम्ही हे शिकलात. पत्रात तुम्ही रंगांची नावं येवल्याच्या पैठणीच्या दुकानात उभ्या असल्यासारखी लिहिली आहेत. आपल्याला काय शोभतं ते तुम्हाला आता कळतं, आणि त्यासाठी दिलेले २,७९६ रुपये मला अजिबात खटकले नाहीत. पण शिकून झालेल्या गोष्टीची वर्षभराची फी आगाऊ का भरायची? पाचव्या बॉक्सपासून नव्याने कळण्यासारखं कमी कमी होत जाईल आणि किंमत तीच राहील.

या सगळ्यात एक आकडा सहज नजरेतून सुटतो: ३,१५०. बॉक्समधल्या वस्तू आवडल्या म्हणून मागाहून केलेली ही खरेदी. चार महिन्यांवर वाटली तर महिन्याला जवळपास ७८८ रुपये, बॉक्सपेक्षाही जास्त. बॉक्सचा हेतूच तुम्हाला मोठ्या बाटलीकडे नेण्याचा असतो, त्यामुळे बॉक्स येत राहिला की ही खरेदीही होत राहील. याच गतीने वर्षाचे ९,४५० होतात. त्यात प्लॅनचे ६,९९९ मिळवा: १६,४४९ रुपये. तुमचा जवळजवळ अर्ध्या महिन्याचा पगार. निर्णय ६,९९९ चा आहे असं ऑफर दाखवते. तुम्ही मात्र १६,४४९ चा आकडा समोर ठेवून ठरवा.

आता कार्ड. तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची, बॉक्सची नव्हे.

थकलेल्या रकमेवर बहुतेक बँका दरमहा साडेतीन टक्के किंवा त्याहून थोडं जास्त व्याज लावतात. साडेतीन धरलं तर ११,४०० वर महिन्याला ३९९ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२ रुपये. म्हणजे ४७१. तुम्ही भरता ६००. त्यातून मूळ थकबाकी कमी होते फक्त १२९ रुपयांनी, आणि त्या महिन्यात कार्डावर काही घेतलं असेल तर तीही होत नाही. शिवाय जुनी बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. वार्षिक प्लॅन याच कार्डावर घेतलात आणि ते पैसे तसेच राहिले, तर ६,९९९ वर महिन्याला करासकट २८९ रुपये जातील. प्लॅनमध्ये वाचलेले १,३८९ पाचव्या महिन्यातच संपले.

दुसरीकडे ५२,००० रुपये बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर पडून आहेत. अडीअडचणीचे पैसे म्हणून तुम्ही त्यांना हात लावत नसाल, आणि ती सवय चांगलीच आहे. पण बेचाळीस टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना त्यातले ११,४०० काढून कार्ड आजच मोकळं करा. मागे ४०,६०० उरतात, एका पगाराहून जास्त. भरताना ॲपमध्ये दिसणारी आजची पूर्ण बाकी भरा, फक्त मागच्या बिलाचा आकडा भरू नका. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, ते आलं म्हणून घाबरू नका, तेही पूर्ण भरून टाका. कार्डाच्या ऑटोपेमध्ये ‘किमान रक्कम’ निवडलेली असेल तर तिथे ‘पूर्ण रक्कम’ करा.

असं केलं की काय सुटं होतं बघा. आज तुमचे महिन्याला कार्डाचे ६००, बॉक्सचे ६९९ आणि मागाहूनच्या खरेदीचे ७८८ जातात. एकूण २,०८७. यातले १,००० दर महिन्याला बचत खात्यात परत टाका, बारा महिन्यांत काढलेली रक्कम भरून निघेल. रंगांसाठी ६०० ठेवा. उरलेले पाचशेच्या आत-बाहेर राहतात, ते एसआयपीत वाढवा किंवा पोस्टात आवर्ती ठेव उघडा. तिथे शंभर रुपयांपासून खातं निघतं.

ते ६०० तुमचे. त्यांचा हिशेब घरात कुणाला द्यायचा नाही. मिस्टरांनाही तेवढीच रक्कम त्यांच्या हौसेसाठी ठेवायला सांगा, त्याबद्दल तुम्हीही विचारायचं नाही. मी ज्या घरांचं नियोजन करते तिथे या एका सोयीने पुष्कळ धुसफूस थांबलेली पाहिली आहे. ‘या वयात कशाला’ याला पैशाचं उत्तर देता येत नाही आणि द्यायची गरजही नाही. ४१ व्या वर्षी आरशात बघून छान वाटतंय, महिन्याला ६०० रुपयांत, आणि घराची एकही गरज त्यामुळे अडत नाही. नियोजन करणारी बाई म्हणून माझी त्यावर काहीच हरकत नाही.

आता बॉक्स थांबवायचा कसा. आधी कंपनीच्या साइटवर किंवा ॲपवर सबस्क्रिप्शन रद्द करा आणि रद्द झाल्याचा मेल जपून ठेवा. मग तुमच्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे किंवा मँडेटच्या यादीत जाऊन तिथलीही परवानगी काढा. कार्डावरून पैसे जात असतील तर बँकेच्या साइटवर तीच सोय असते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार अशी ठरलेली रक्कम कापण्याच्या २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी आणि त्यात नको म्हणण्याची सोय असायला हवी. पण १५,००० पर्यंतच्या अशा रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून ६९९ गुपचूप जात राहतात आणि तो मेसेज बाकीच्या गर्दीत हरवतो.

‘तीनच दिवस’ या घाईने अजिबात बिचकू नका. खोटी घाई निर्माण करणं आणि सबस्क्रिप्शनमधून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमधल्या तेरा ‘डार्क पॅटर्न’मध्ये, म्हणजे ग्राहकाला चकवण्याच्या ऑनलाइन युक्त्यांमध्ये, येतात. तुमच्या कंपनीची मुदत खरीही असेल. पण रद्द करूनही पैसे कापले गेले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

कपाटातल्या चौदा वस्तू एकदा बाहेर काढा. न उघडलेल्या असतील त्या मुदत बघून बहिणीला, मैत्रिणीला देऊन टाका. उघडलेल्यांवर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि आत ‘१२ एम’, ‘२४ एम’ असं काही छापलेलं असतं, उघडल्यापासून तेवढे महिने ती वस्तू वापरायची. मस्कारा आणि ओलं आयलायनर मात्र तीन ते सहा महिन्यांत टाकून द्या आणि कुणाबरोबर वाटून वापरू नका, डोळ्यांचा प्रश्न आहे. पुढे सुटी खरेदी कराल तेव्हा अडीचशे रुपयांत चाळीस रंग देणाऱ्या बिननावाच्या पॅलेटच्या नादी लागू नका. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि परदेशी माल असेल तर नोंदणी क्रमांक वेष्टनावर असायला हवा. नसेल तर तो माल डोळ्यांजवळ नेऊ नका.

बॉक्सची मजाच हवीहवीशी वाटली, काय निघेल याची उत्सुकता, तर तीन-चार महिन्यांतून एकदा एका महिन्याचा घ्या. तो ६९९ चा आहे, त्यामुळे आदल्या महिन्याच्या सहाशेतले शंभर राखून ठेवावे लागतील. आगाऊ पैसे भरलेले नसले की नको त्या महिन्यात नको म्हणता येतं.

राहता राहिलं अठरा रंगांचं पॅलेट. ते तुम्हाला मनापासून हवंय हे पत्रातून कळतं. दरमहा ६०० प्रमाणे अडीच महिन्यांत त्याचे १,४९९ जमतात, आणि सणासुदीच्या सवलतीत त्याआधीही बसेल. त्यातले निदान आठ-दहा रंग तुम्ही लावाल असं दुकानात हातावर घासून पाहिल्यावर वाटलं, तर जरूर घ्या, रोख पैसे देऊन.