फायली पुसणाऱ्या प्रोग्रामची पुढची आवृत्ती काढण्याआधी चाचणी कशी करावी?

तुम्ही विचारले आहे की, एकाच फाइलच्या जादा प्रती शोधून पुसणारा तुमचा विंडोजवरचा प्रोग्राम पाच-सहा मित्रांच्या संगणकांवर नीट चालतो आहे, तर पुढच्या आवृत्तीआधी आणखी काय तपासावे आणि आधी वेग वाढवावा की रूप सुधारावे. माझ्या मते दोन्ही तूर्त बाजूला ठेवावे. मित्रांकडे चालणे ही चाचणी नव्हे, कारण मित्रांचे संगणक बहुधा आपल्याच संगणकासारखे मांडलेले असतात.

अगदी असाच प्रोग्राम मी आणि माझ्या तेव्हाच्या भागीदारांनी लिहिला होता. दुसरी आवृत्ती निघून आठवडा झाला नसेल, तोच सांगलीच्या एका फोटो स्टुडिओतून फोन आला. त्यांच्या सी ड्राइव्हवर जागा उरली नव्हती, म्हणून संगणक दुरुस्त करणाऱ्याने फोटोंचा फोल्डर डी ड्राइव्हवर हलवून जुन्या जागी जंक्शन करून ठेवले होते. म्हणजे खोली एकच, पण दारे दोन. आमचा प्रोग्राम दोन्ही दारांतून आत गेला, तेच फोटो त्याने दोनदा मोजले, हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) अर्थातच तंतोतंत जुळले, आणि स्टुडिओवाल्यांनी सीवरच्या प्रती पुसायला सांगताच एकुलते एक मूळ फोटोच पुसले गेले. पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत ‘११,४०० फायली पुसल्या, ६३ जीबी जागा मोकळी झाली’ असे अभिनंदन झळकत होते.

मी त्यांना रीसायकल बिन उघडायला सांगितले, आणि सांगता सांगताच आठवले की वेगासाठी आम्ही तो टप्पाच वगळला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी सांगलीला गेलो. डी ही जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असल्यामुळे बरेचसे फोटो परत मिळाले (चिपवर साठवणारी एसएसडी असती तर पुसलेली जागा आतून रिकामी करणाऱ्या ‘ट्रिम’मुळे फारशी आशा नव्हती), पण बहुतेकांची नावे आणि फोल्डर गेले ते गेलेच. फोटोत कॅमेऱ्याची तारीख असते हे खरे. पण एकाच मुहूर्तावर तीन लग्ने घेतलेल्या स्टुडिओला तारखेचा काय उपयोग? स्टुडिओवाल्यांच्या पत्नी तीन दिवस माझ्या शेजारी बसून शालूंच्या रंगांवरून नवऱ्यामुली वेगळ्या करत होत्या.

यावर भागीदारांचे म्हणणे असे होते की, ‘खात्री आहे का?’ असे आपण विचारले होते आणि त्यांनी ‘होय’ दाबले, तेव्हा जबाबदारी त्यांची. हे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. पडद्यावर दोन वेगळे पत्ते दिसत असताना आतली वस्तू एकच आहे हे फोटोग्राफरने कसे ओळखावे? ते ओळखणे प्रोग्रामचेच काम होते आणि ते अवघडही नव्हते: एनटीएफएसवर (विंडोजच्या नेहमीच्या फाइल-मांडणीत) व्हॉल्यूमचा, म्हणजे ड्राइव्हचा क्रमांक आणि फाइलचा अंतर्गत क्रमांक हे दोन्ही जुळले, तर पत्ते कितीही वेगळे असोत, फाइल एकच असते. हार्ड लिंकही, म्हणजे एकाच फाइलला दिलेली दोन नावेही, याच तपासणीत सापडतात.

तेव्हा आभासी यंत्रात (संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात), पुन्हा मूळ स्थितीत जाता यावे म्हणून स्नॅपशॉट घेऊन, मुद्दाम वाकडातिकडा संगणक उभा करा. त्यात जंक्शन असावे, २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ते असावेत आणि देवनागरी नावे तर असावीतच, कारण देवनागरीला विंडोजचे जुने एएनएसआय कोडपेज (युनिकोडपूर्वीचा अक्षरांचा तक्ता) नाही आणि एखादे जुने फंक्शन राहून गेले असेल तर ‘हळद’चे नुसते प्रश्नचिन्ह होते. शून्य बाइटच्या फायली एकमेकींच्या प्रती मानू नका. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पांत मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या इनिट फायली पुसल्या की लोक शिव्या देतात. वनड्राइव्हवर नुसत्या नावापुरत्या असलेल्या फायलींचा हॅश काढायला गेलात, तर त्या सगळ्या डाउनलोड होऊ लागतील.

तक्रारी मोजून समाधान मानू नका. विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी आली आणि काही दिवसांतच थांबवावी लागली, कारण ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसरीकडे वळवले होते, त्यांच्यापैकी काहींच्या जुन्या जागी राहिलेल्या फायली तिने पुसल्या. मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यानुसार प्रमाण दहा हजारांत एक होते, तरीही ती आवृत्ती पुन्हा यायला १३ नोव्हेंबर उजाडला. त्यानंतर त्यांनी तक्रार नोंदवताना तिचे गांभीर्य सांगण्याची सोय केली. तुमच्या मित्रांनाही ‘चालतो का?’ असे विचारण्याऐवजी काय गेले ते विचारा.

रीसायकल बिनचा मार्ग सावकाश आहे हे मान्य करायला हवे, शिवाय नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून किंवा पेनड्राइव्हवरून पुसलेले त्यात जातच नाही. तिथे प्रोग्रामने तसे स्पष्ट सांगावे. फाइलच्या अंतर्गत क्रमांकावरही एनटीएफएसबाहेर तितका भरवसा ठेवता येत नाही. आणि आमचे भागीदार कधी हे वाचतील, तर त्यांच्यासाठी एवढेच: त्या खिडकीत ‘होय’ हे बटण आधीपासूनच निवडलेले होते, नुसते एंटर दाबले तरी पुरत होते, आणि ते तसे मी ठेवलेले नव्हते.