निरोपाची पोस्ट मात्र लिहू नकोस

प्रिय ‘दमलेली आई, डोंबिवली’,

पत्र चांगलं सहा पानी आहे तुझं, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तू 41 वर्षांची, बँकेत नोकरी करणारी. गेली दहा-अकरा वर्षं फेसबुकवर घरातले किस्से लिहितेस: मुलाचे पराक्रम, सासूबाईंचे टोमणे, नवऱ्याचा विसरभोळेपणा. आधी ओळखीचेच वाचायचे, मग अनोळखी हजारो आले. आता मुलगा नववीत आहे. दुसरीत असेपर्यंत तो अंथरूण ओलं करायचा, त्यावर तू लिहिलेली जुनी पोस्ट वर्गातल्या कुणीतरी शोधून काढली आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकली. तेव्हापासून तो तुझ्याशी कामापुरतंच बोलतो. पुढे तू म्हणतेस, “मलाही आता या सगळ्याचा उबग आलाय. पण अकाउंट बंद करायचं म्हटलं की वाटतं, माझ्या वाईट काळात ज्यांनी धीर दिला त्यांना मी वाऱ्यावर सोडतेय. काय करू?”

अगं, प्रश्न दोन आहेत आणि तू त्यातला सोपा पुढे केलास. खातं ठेवायचं की बंद करायचं, हा सोपा. अवघड आहे तो मुलाचा. त्याच्याबद्दल पत्रात जेमतेम आठ-दहा ओळी आहेत आणि वाचकांच्या ऋणाबद्दल दीड पान. टोचून बोलत नाहीये, पण नजरेतून सुटलं नाही.

आधी त्याचंच बघू. “त्यात काय एवढं, लहानच होतास तेव्हा,” असं तू म्हणालीस आणि त्याने दार लावून घेतलं. मीही लावलं असतं. चौदाव्या वर्षी वर्गातली चाळीस-पन्नास पोरं म्हणजेच सगळं जग असतं. तू कौतुकानेच लिहिलं असणार, याबद्दल मला शंका नाही. पण प्रसंग घडला त्याच्या अंथरुणात आणि लाइक्स जमा झाले तुझ्या खात्यावर. त्याला वाचताही धड येत नव्हतं, तेव्हा हा व्यवहार त्याला न विचारता झाला.

फ्रान्सने 2024 मध्ये यासाठी कायद्यातच तरतूद केली. मुलांचे फोटो टाकायचे की नाही हे आईवडिलांनी मिळून ठरवायचं, आणि वयानुसार मुलालाही त्यात सामील करून घ्यायचं. आपल्याकडच्या 2023 च्या कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीने पालकांची परवानगी घ्यायची. म्हणजे कायद्याने आईलाच राखणीला बसवलंय. आईच सांगत सुटली तर कायदा काय करणार?

तेव्हा एखाद्या शनिवारी, परीक्षा नसताना, त्याला जवळ बसव. फोन त्याच्या हातात दे. त्याच्यावरची एकेक पोस्ट त्याने बघायची आणि तो ‘काढ’ म्हणाला की काढायची. ‘अरे, ही किती गोड आहे’ वगैरे वकिली करायची नाही. सर्वाधिक लाइक्सची निघाली तरी काढायची. त्याआधी सगळ्या मजकुराची एक प्रत उतरवून घे. फेसबुकच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. पुढेमागे तिशीत तो स्वतःच मागेल कदाचित, तेव्हा घरात असलेली बरी. पोस्ट कचऱ्यात टाकलीस की 30 दिवसांनी कायमची जाते. बाकीच्या जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करता येतात, तेही करून टाक. कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर तो आपल्या हातात नाही, हे त्याला स्पष्ट सांग. खोटा दिलासा देऊ नकोस. आणि वर्गशिक्षकांना भेटायचं का, हे त्याला विचारून ठरव. परस्पर जाऊन आलीस तर पुन्हा तेच झालं.

आता तुझा उबग. पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: “परवा सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, तर त्यांना उठवायच्या आधी माझ्या मनात पोस्टची पहिली ओळ तयार झाली.” दमणूक इथे आहे गं. दुसऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसांच्या पोस्टी बघून माणूस वैतागतो, पण इतका थकत नाही. घरात जे घडतं ते तू आधी जगतेस आणि मग लोकांसाठी पुन्हा एकदा वठवतेस, तेही बँकेतली नोकरी सांभाळून.

त्याच सासूबाईंचा ऑक्सिजन मास्क लावलेला फोटो तू मागे टाकला होतास. भिशीतल्या बायकांनी तो त्यांना दाखवला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “निदान केस तरी विंचरायचे होतेस माझे.” तुला यात विनोद दिसला. मला त्या बाईंचं कौतुक वाटलं. इतक्या कमी शब्दांत इतकी अचूक तक्रार तुझ्या अकरा वर्षांच्या पोस्टींत असेल का, कोण जाणे.

दुसऱ्यांच्या पोस्टींचा शीण येतो त्याचं कारण वेगळं. एक बोट सरकवलं की कुणाचं बारसं, त्याखाली कुणाचे वडील गेलेले, त्याखाली मिसळ. बारशाला आणि दहाव्याला आपण एकाच साडीत जात नाही. इथे मनाला कपडे बदलायलाही सवड मिळत नाही. आणि पान तळाला लागतच नाही. असं न संपणारं पान बनवणाऱ्या एझा रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. म्हणजे ‘मला आवरत नाही’ म्हणून स्वतःला फार कोसू नकोस. ते आवरू नये अशीच रचना आहे.

एकट्याने फोन बाजूला ठेवायचा म्हटलं की बाकीचे काय बोलतायत याची रुखरुख लागते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये यावर साधा उपाय काढला. संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद. सगळ्यांचेच बंद, त्यामुळे कुणाचं काही हुकत नाही. डोंबिवलीच्या सोसायटीत भोंगा लावलास तर सेक्रेटरी नोटीस काढतील, पण जेवणाच्या वेळी चौघांचे फोन एका जागी ठेवता येतील. तुझा पहिला.

वाचकांच्या ऋणाचं म्हणशील तर, वाईट काळात धीर देणारे ते नेमके कोण, याची नावं काढ. तू स्वतःच लिहिलंयस की दोघी रोज फोन करायच्या आणि एकीने मिसकॅरेजनंतर डबा पाठवला होता. त्या तिघींना फोन कर, जमल्यास घरी बोलाव. बाकीच्या हजारोंनी मनापासून हात जोडलेले इमोजी पाठवले आणि पुढच्या मिसळीकडे वळले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, आणि तू गेलीस तर तुझंही चुकणार नाही.

खातं आज लगेच बंद कर, असं मी म्हणणार नाही. घरच्यांवर लिहिणं थांबव आणि दोन महिने बघ, लिहावंसं वाटतं का. बँकेच्या काउंटरवर काय कमी माणसं भेटतात? नाव-गाव न ओळखू येईल असं लिहिता येतं. नाहीच वाटलं, तर गुपचूप बंद कर. निरोपाची पोस्ट मात्र लिहू नकोस. तिला एवढे प्रतिसाद येतील की पुढचा आठवडा तेच वाचण्यात जाईल.

आणि हो, नवऱ्याच्या विसरभोळेपणावर इतकं लिहिलंस, पण त्याला ते कसं वाटतं याचा पत्रात कुठे उल्लेख नाही. शनिवारी मुलाला बसवशील तेव्हा त्यालाही बोलाव.

तुझी,
ताई