फरांग म्हणजे आपला फिरंगीच ना? मग आपण कोण?

प्रश्न असा आलाय: "नवऱ्याची बदली बँकॉकला झालीये, मी पण चाललेय, जिथे तिथे वाचते की थाई लोक परदेशी माणसाला फरांग म्हणतात. हा आपला फिरंगीच का? शिवी आहे का? आणि आम्हाला पण म्हणणार का?"

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही, तिसऱ्याचं तर अजिबातच नाही. आणि खरी गंमत तिसऱ्यातच आहे, पण आधी फिरंग्यांना उरकून टाकू.

मूळ शब्द युरोपातल्या फ्रँक लोकांचा. अरबीत त्याचं इफ्रंज झालं, फारसीत फरंग, आणि फारसीवाले व्यापारी जिथे जिथे गेले तिथे तिथे हा शब्द त्यांच्या मागोमाग गेला. आपल्याकडे फिरंगी, थाईत फरांग, कंबोडियात बरांग, आणि मलेशियात पेनांगला जाल तर तिथल्या एका बीचचं नावच बातू फेरिंगी. थाई माणसाला विचारलंत तर तो बहुतेक सांगेल की फरांग हे फरांगसेत वरून आलं, म्हणजे फ्रान्सवरून. ऐकायला छान वाटतं पण मला काही पटत नाही, कारण पोर्तुगीज अयुथयाला (थायलंडची जुनी राजधानी) 1511 मध्ये पोचले आणि फ्रान्सच्या राजाची मोठी वकिलात आली 1685 मध्ये, म्हणजे मधे पावणेदोनशे वर्षं गेली, तेवढा काळ त्या गोऱ्या लोकांना काय बिननावाचंच ठेवलं होतं का? अयुथयात नदीकाठी पोर्तुगीजांच्या वस्तीचे अवशेष अजून आहेत, सगळे देवळं बघून परत फिरतात, तुम्ही तिकडे पण जाऊन या.

बाय द वे, मराठीतला जुना फिरंगी पण सरसकट गोरा नव्हता हं. आज्ञापत्रात टोपीकरांची यादी आहे त्यात फिरंगी वेगळा, इंग्रज वेगळा, वलंदेज म्हणजे डच वेगळा, फरासीस म्हणजे फ्रेंच वेगळा. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, ज्यांच्याकडून चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली ते. थाईत उलट झालं, शब्द पसरत पसरत सगळ्या गोऱ्यांना लागला, आज जर्मन असो अमेरिकन असो ऑस्ट्रेलियन असो, फरांगच. जपानी मात्र यीपुन, कोरियन काओली, ते फरांग नाहीत.

बोलताना र चा ल होतो म्हणून कानावर फलांग असंच येईल. शिवी नाही, तोंडावर म्हणतात, प्रेमाने पण म्हणतात, इथे बँकॉकमध्ये आमच्या सोसायटीतल्या एका डच आजोबांना गार्ड, धोबीण, शेजारीण सगळे फलांगच म्हणतात आणि ते मजेत हात हलवतात. पण त्याला खी नोक जोडलं की प्रकरण बिघडतं. खी नोक म्हणजे पक्ष्याची शीट, आणि फरांग खी नोक म्हणजे कळकट, चिकट गोरा, दहा बाथसाठी (बाथ म्हणजे इथलं चलन) घासाघीस करणारा. गंमत म्हणजे हे मुळात एका पेरूचं नाव आहे, छोटा, आतून गुलाबी.

हो, फरांग म्हणजे पेरू पण! अमेरिकेतलं फळ, गोऱ्यांबरोबर आलं, म्हणून नाव तेच. त्यामुळे गोरा माणूस पेरू खाताना दिसला की "फरांग किन फरांग" हा जोक इथे होणारच, किन म्हणजे खाणे. दर वेळी तोच जोक आणि दर वेळी तेवढेच हसतात. पेरूबरोबर तिखट-मीठ-साखरेची पुडी मिळते, ती सोडू नका.

बाकी पण बाहेरून आलेलं बरंच काही फरांग. बटाटा मान फरांग, म्हणजे फिरंगी कंद (आपण तर बटाटा हा शब्दच पोर्तुगीजांकडून उचललाय). ॲस्पॅरॅगस म्हणजे बांबूचा फिरंगी कोंब. आणि माझं सगळ्यात लाडकं, च्युइंगगम, ते माक फरांग. माक म्हणजे सुपारी. गोरा दिवसभर काहीतरी चघळतो पण थुंकत नाही, मग ती त्याची सुपारी!

आता आपण. आपण फरांग नाही, आपण खॅक (उच्चार बॅकसारखा). भारतीय, पाकिस्तानी, अरब, इराणी, मलाय, सगळे एका टोपलीत. म्हणजे ज्या इराण्यांच्या भाषेतून फरांग आला ते स्वतः पण खॅकच, काय न्याय आहे बघा. आणि खॅकचा दुसरा अर्थ पाहुणा. घर शोधताना जाहिरातीत होंग राप खॅक दिसेल, ती भारतीयांना घ्यायची खोली नव्हे, तो दिवाणखाना, पाहुण्यांना बसवायची खोली. बँकॉकच्या सीलोम रोडवरच्या मारिअम्मन देवीच्या देवळाला सगळे वाट खॅक म्हणतात, टॅक्सीवाल्याला हेच सांगा, मारिअम्मन म्हणालात तर कदाचित बघत बसेल. आत गणपती आहे, त्याला इथे फ्रा फिखनेत म्हणतात, विघ्नेशच तो, आणि हात जोडणाऱ्यांत थाईच जास्त.

पण खॅक फरांगइतका निरुपद्रवी नाही हेही सांगते. ऐकणाऱ्याला तो कधी कधी बोचतो, आणि साप आणि खॅक एकदम दिसले तर आधी खॅकला मार अशी म्हण पण इथे आहे. (तशी म्हण आपल्या देशात पण वेगवेगळ्या जातीजमातींवर लोक बिनदिक्कत फेकतात, त्यामुळे मी फार नाक मुरडत नाही.) शिकलेली, सांभाळून बोलणारी माणसं खोन इंदिया म्हणतात, म्हणजे भारतीय माणूस. तुम्ही पण स्वतःची ओळख तशीच करून द्या. सगळ्या परदेशी लोकांसाठी कागदोपत्री शब्द आहे चाओ तांग प्रथेत, त्यातलं प्रथेत म्हणजे आपलं प्रदेश.

आणि बाजारात भाजी घेताना एक लक्षात ठेवा. आपली फरसबी, जिचं नाव फ्रेंच बीन्सवरून आलंय असं मानतात, ती इथे थुआ खॅक, म्हणजे खॅकांची शेंग. आपण ती फ्रेंचांच्या नावावर टाकली, थाईंनी आपल्या नावावर टाकली, आणि शेंग मुळात अमेरिकेतली! केळ्याची भजी असतात ती क्लुआय खॅक, पूर्वी सिग्नलला गाड्यांमधून विकत फिरायचे, नारळ आणि तीळ घातलेल्या पिठात तळलेली. ती मात्र गरमच खा, घरी नेईपर्यंत मऊ पडतात.