४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे का? माझा प्रोग्रॅम ‘हो’ म्हणतो. तिच्यात आणखी काय खास आहे?

मूळ नाही. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७. हे दोन्ही अवयव मात्र मूळ आहेत, त्यामुळे १ आणि ती स्वतः धरून तिला चारच विभाजक.

तुमच्या प्रोग्रॅमने बहुधा २ हा पाया घेऊन फर्माची कसोटी लावली असावी: पायाचा, संख्येपेक्षा १ ने लहान असलेला घात घ्यायचा, त्याला संख्येने भागायचं आणि बाकी १ आली तर संख्या मूळ मानायची. तिथे ही संख्या हमखास फसवते. ती म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १, म्हणून तिने भागल्यावर २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ (म्हणजे भाजकाला १ कमी) आणि ६४व्या घाताची १ येते. कसोटीतला घातांक तर ६४ च्या पटीतच आहे! पाया ३ घ्या, लगेच पकडली जाईल.

ज्याच्या नावाची ही कसोटी आहे, त्या फर्मा या गणितज्ञालाही ती मूळ वाटली होती. २ च्या घातांकात १, २, ४, ८, १६ ठेवून १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात, आणि पाचही मूळ आहेत. पुढेही असंच चालेल, असं त्याने सतराव्या शतकात मानलं. पुढची संख्या हीच. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तिचा ६४१ हा विभाजक दाखवला.

मला यात सर्वात सुंदर वाटतं ते हे, की ६४१ चाचपडत शोधावा लागत नाही. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या एखाद्या पटीपेक्षा १ ने मोठा असावाच लागतो. हेही ऑयलरनेच सिद्ध केलं. अशा मूळ संख्या ओळीने घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम झालं.

भागाकार न करताही पटवता येतं. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१. चौथा घात केला की (५ चा ४था घात) × (२ चा २८वा घात) याची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ५ च्या ४थ्या घाताच्या जागी −१६ चालतो. १६ गुणिले २ चा २८वा घात म्हणजे २ चा ३२वा घात, तेव्हा त्याची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य. हा योगायोग कितीही वेळा पाहिला तरी मन भरत नाही.

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६ आणि १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ आणि २०४४९ यांचे. मूळ संख्येला असा एकाहून जास्त प्रकार कधीच नसतो, म्हणजे ती संयुक्त (मूळ नसलेली) असल्याचा हा वेगळाच पुरावा.

आता तिच्यातून २ वजा करा. ४,२९,४९,६७,२९५ हा वरच्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार आहे. पट्टी आणि कंपासने काढता येणाऱ्या सुसम बहुभुजांपैकी, बाजूंची संख्या विषम असलेला आजवर माहीत असलेला सर्वात मोठा बहुभुज बरोबर इतक्याच बाजूंचा आहे.